भावाला दिलेला चार्ज

माझ्या भावाला बाबांचा पालक मीच करून दिलं. बिलासपूरला, उच्च न्यायालयात, भर सुनावणीत, माझ्याच वकीलबाईंच्या नाकावर टिच्चून. आमच्या ओळखीतले लोक अजून म्हणतात, बहिणीचं मन केवढं मोठं, स्वतःचा हक्क सोडून दिला. मी कुणाला दुरुस्त करत बसत नाही. पण लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते. मन मोठं वगैरे काही नव्हतं. मला त्याच्यावर सूड उगवायचा होता, आणि बाबांना त्याच्या गळ्यात बांधण्यापेक्षा मोठी शिक्षा मला त्या वेळी सुचली नाही.

बाबा भिलाईच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल फोरमन होते. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून तरुणपणी आले. आधी कॅम्प-१ या वस्तीत भाड्याची खोली, मग कारखान्याच्या सेक्टरमधलं क्वार्टर, आणि रिटायर होता होता टाउनशिपबाहेर रिसालीकडे स्वतःचं घर. दादा शिकून बँकेत लागला आणि रायपूरचा झाला. मी लग्न करून नागपूरला गेले, काही वर्षं तिथे मार खाल्ला आणि परत आले. बाबांनी दार उघडलं, बॅग आत घेतली, कावून आलीस हे विचारलं नाही. तेव्हापासून मी त्याच घरात होते आणि एका खाजगी शाळेत गणित शिकवत होते.

कारखान्यातल्या माणसांच्या घरात 'चार्ज' हा शब्द मिठासारखा चालतो. साहेब रजेवर गेला किंवा आजारी पडला, की हाताखालच्या कुणाला तरी चार्ज देऊन जातो. तो परत येईपर्यंत सही त्या माणसाची चालते. आमच्याकडे आई माहेरी गेली की स्वयंपाकघराचा चार्ज माझ्याकडे यायचा, बाबा नाइट शिफ्टला गेले की कुलपांचा चार्ज दादाकडे. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं, की कायदासुद्धा असाच चालत असणार अशी सगळ्यांची खात्री होती.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी दादाच्या नावाने मुखत्यारपत्र केलं. तेव्हा बाबा ठणठणीत होते. दुर्गच्या कचेरीतून दोघं दुपारी परतले, हातपाय धुऊन जेवायला बसले, आणि बाबांनी जाहीर केलं, "आजपासून या घराचा चार्ज याच्याजवळ. उद्या मी आजारी पडलो, मले काई सुधरलं नाई, तं हाच पाहील."

मी वाढत होते. हातातलं वांग्याच्या भाजीचं पातेलं तसंच धरून मी विचारलं, "आन मी?"

"तू तं घरातच हायेस न," बाबा म्हणाले. "तुले कागद कायले पायजे?"

दादा मान खाली घालून भात कालवत होता. मला राग आला होता, पण बाबांवर नाही. बाबांवर मला कधी नीट रागावताच आलं नाही, म्हणून त्यांच्या वाट्याचाही राग मी दादाच्याच खात्यावर टाकत आले.

त्यानंतर दोनेक वर्षांत बाबा हळूहळू घरातून निघून गेले, म्हणजे बसलेले असायचे समोरच. डॉक्टर डिमेन्शिया म्हणाले. आधी रस्ता चुकले, मग माणसं चुकली. एक सवय मात्र हाडात राहिली. कुणी बाथरूममध्ये गेलं किंवा मिक्सर लावला की उठून मेन स्विच बंद करायचे आणि दरडावून विचारायचे, "परमिट घेतलं काय?" कारखान्यात चालू लाइनवर कुणी हात लावायचा नाही, आधी बंद करून घ्यायची, कागदावर परवानगी घ्यायची, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं. ऐन उन्हाळ्यात मी डोक्याला साबण लावून अंधारात उभी असायची. अंघोळ, औषधं, ओली अंथरुणं, सगळं शाळा सांभाळून केलं. दादा सणावारी यायचा, पेढ्यांचा डबा आणायचा, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायचा, आणि तो गाडीत बसेपर्यंत फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचलेला असायचा. खाली लोक लिहायचे, श्रावणबाळ. ते वाचून मी दातओठ खायची.

मग एका शनिवारी तो एका ट्रान्सपोर्टवाल्याला घेऊन आला. दुर्गजवळच्या रसमड्याच्या कारखान्यांत त्या माणसाचे ट्रेलर चालायचे. मला वाटलं, ओळखीचा असेल. मी चहा ठेवला. बाहेर येऊन बघते तर तो माणूस अंगणात पावलं टाकून लांबीरुंदी मोजतोय आणि माझ्या कढीपत्त्याच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणतोय, "ये सब तो निकलवाना पड़ेगा."

माणूस गेल्यावर मी दादाला विचारलं, "हे काय चालू हाये?"

"घर विकायले काढून राहिलो," तो म्हणाला. "चार्ज माह्याजवळ हाये. बाबांले रायपूरले नेतो. तिथं एक चांगला वृद्धाश्रम पाहून ठेवला."

"बाबांले हे घर सोडून संडासबी सापडनार नाई. आन मी कुठं जाऊ?"

"तू एकटा जीव. कुठंबी राहशील." एवढ्यावर थांबला असता तर कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं. पण दादाला वाक्य पूर्ण करायची सवय. "नवरा सोडून आलेली तू. बाबांनं ठेवलं म्हनून राहिली. तुह्या नावानं हाये तरी काय इथं?"

बाबा बाजूच्याच खुर्चीत बसून लुंगीच्या काठाशी खेळत होते. त्यांच्यासमोर मला असं बोलायची हिंमत त्यांचं डोकं जागेवर असताना दादाने केली नसती. ते वाक्य मी गिळलं, पण पचलं नाही. त्याच क्षणी मी ठरवलं, की याला मी असा तोंडघशी पाडीन की पुन्हा मान वर करून या गल्लीत शिरणार नाही.

शाळेतल्या एका मैत्रिणीने दुर्गच्या वकीलबाई सुचवल्या. माझ्याहून लहान, बोलायला फटकळ, टेबलावर फायलींच्या बाजूला भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, कागद तर त्याच्याकडे आहे, आता माझ्या हातात काय? त्यांनी मला विचारलं, बाबा कधीपासून असे आहेत? मी सांगितलं. त्या शेंगदाणा तोंडात टाकून म्हणाल्या, "दीदी, मुख्तारनामा तभी तक चलता है जब तक देनेवाले का दिमाग चलता है."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी समजावलं ते असं. मुखत्यार म्हणजे दुसऱ्याचा हात. ज्याचा हात, तो आपल्या डोक्याने त्याला हलवतो, हवा तेव्हा मागेही घेतो. डोकंच राहिलं नाही तर हात कुणाचा? बाबांना काही सुधरेनासं, म्हणजे कळेनासं झालं त्या दिवसापासून दादाच्या कागदात जीव उरला नव्हता. म्हणजे ज्या दिवसासाठी म्हणून बाबांनी तो कागद केला, बरोबर त्याच दिवशी तो निकामी झाला. कारखान्यातला चार्ज साहेब आजारी पडल्यावर सुरू होतो, हा नेमका तिथेच संपतो. आमचं अख्खं घर उलटं समजून बसलं होतं.

"होश रहते बहुत कुछ हो सकता था," बाई म्हणाल्या. इच्छापत्र करता आलं असतं, ट्रस्ट करता आला असता, अटी घालून घर देता आलं असतं, बँकेतली खाती दोघांच्या नावाने करता आली असती. आता एकच रस्ता उरला होता, तो म्हणजे उच्च न्यायालयात जाऊन कुणाला तरी बाबांचा पालक नेमून घ्यायचं. तोवर बाई दादाला आणि ट्रान्सपोर्टवाल्याला नोटीस पाठवणार होत्या.

मी म्हटलं, "नोटिस अभी मत भेजिए."

त्यांनी कारण विचारलं नाही, पण बघितलं माझ्याकडे. नोटीस गेली असती तर दादाने ती रायपूरला सोफ्यावर बसून वाचली असती, घडी घालून ठेवली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं. मला तो चार लोकांत पडायला हवा होता. त्याला घराचा बयाना, म्हणजे विसार, घेऊ दिला. त्याला गावभर सांगू दिलं. रजिस्ट्रीचा दिवस मला वहिनीच्या मावसबहिणीकडून कळला, तेव्हा मी शाळेत रजा टाकली.

त्या दिवशी बाबांना न्हाऊ घातलं, दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि ऑटोने दुर्गला नेलं. नोंदणी कचेरीबाहेरच्या शेडमध्ये दादा, ट्रान्सपोर्टवाला आणि त्याचा म्हातारा वकील बाकावर बसले होते. मला बघून दादाचा चेहरा आधी उतरला. मग त्याने तो सावरला आणि मोठ्याने म्हणाला, "अरे वा, बाबांले घेऊन आली! बरं झालं."

म्हातारा वकील चौकस होता. त्याने वाकून बाबांना नमस्कार केला आणि विचारलं, "काका, मकान बेचना है?"

बाबा शेडमधल्या लोंबणाऱ्या वायरकडे बघत होते. म्हणाले, "पहले मेन बंद कराओ. परमिट किसके पास है?"

आजूबाजूचे स्टॅम्पवाले हसले. वकील हसला नाही. त्याने दादाला विचारलं, "ऐसे कब से हैं ये?"

मला बोलायची गरज नव्हती. मी माझ्या भावाला ओळखते. बँकेत आयुष्य गेलेलं, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो सविस्तर देणार. त्यात त्याला वाटत होतं की हीच आपली भक्कम बाजू आहे. तो छाती काढून म्हणाला, "तीन साल हो गए, साहब. किसी को पहचानते नहीं, कुछ समझते नहीं. इसीलिए तो पूरा चार्ज मेरे पास है."

वकिलाने पेनाला टोपण लावलं. "फिर तो आपके पास कुछ भी नहीं है," तो म्हणाला, आणि ट्रान्सपोर्टवाल्याला बाजूला घेऊन गेला. ट्रान्सपोर्टवाला परत आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. बयाना आत्ताच्या आत्ता परत पाहिजे, वेळ खोटी केली, बापाला पागल सांगून घर विकतो, असं बरंच काही तो सगळ्या शेडला ऐकू जाईल असं बोलला. दादा, एका शाखेचा मॅनेजर म्हणून रिटायर झालेला माणूस, हात जोडून "भैया, सुनिए तो" म्हणत त्याच्यामागे फिरत होता. मी रस्त्यावरून शहाळं आणलं आणि बाबांना बाकावर बसवून पाणी पाजलं. बाबांना असं बाजारात आणून उभं केलं याचं वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. इतकी शांत मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

पण कायद्याने बाबांचा चार्ज माझ्याकडेही नव्हता. बाबांच्या ठेवीतून त्यांच्याच औषधाला पैसे काढायचे तर बँक म्हणाली, न्यायालयाचा आदेश आणा. घराचा कर, विजेचं कनेक्शन, सगळीकडे बाबांची सही हवी, आणि बाबा पेन हातात दिलं की त्याचं टोक सॉकेटमध्ये घालायला बघायचे. शेवटी बिलासपूरला अर्ज केला, की मी मुलगी, वर्षानुवर्षं सांभाळते आहे, मला पालक नेमावं.

दादाने हरकत घेतली. मला त्याची अपेक्षा होती, पण इतक्या भाषेची नव्हती. माझा डोळा घरावर आहे, माझा संसार मोडलेला, माझा स्वभाव भांडकुदळ, असं सगळं शपथेवर लिहून दिलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, की मुलगा या नात्याने वडिलांची सेवा करण्याची त्याची मनापासून इच्छा आहे, तो निवृत्त आहे, त्याला दुसरा व्याप नाही, आणि वडिलांसोबत राहून त्यांची सर्व देखभाल स्वतः करायला तो तयार आहे. त्याच्या वकिलाने सजवून लिहिलेलं असणार. पालक होऊन मग विक्रीची परवानगी मागायची, हा त्याचा हिशेब होता, हे कोणालाही कळलं असतं.

वकीलबाई न्यायालयाच्या व्हरांड्यात ते वाचून दाखवत होत्या आणि त्याला कुठे कुठे खोटं पाडता येईल हे सांगत होत्या. मी ऐकतच नव्हते. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, की देखभाल स्वतः करायला तो तयार आहे.

सुनावणी सुरू झाली तेव्हा मी उभी राहिले. वकीलबाईंनी माझी ओढणी ओढली, तरी मी बसले नाही. हिंदीत म्हटलं, साहेब, माझा भाऊ बरोबर बोलतो. मुलगा आहे, रिकामा आहे, तयार आहे. त्यालाच पालक करा. फक्त त्याने लिहिलंय तसं व्हावं. बाबा ज्या घरात आहेत त्याच घरात त्याने त्यांच्यासोबत राहावं, घर न्यायालयाला विचारल्याशिवाय विकू नये, खर्चाचा हिशेब द्यावा, आणि मला दर रविवारी बाबांना बघायला येऊ द्यावं. ते लेखी असावं.

न्यायाधीशांनी दादाला विचारलं, तयार आहात ना? दादाचा वकील त्याच्या कानाशी लागला. पण शपथेवर लिहून दिलेलं समोर होतं, तो मागे कसा सरकणार? मागच्या बाकावर वहिनीचं तोंड तुरटी चघळल्यासारखं झालं होतं. दादाने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. तो म्हणाला, "जी."

बाहेर वकीलबाई माझ्यावर भडकल्या. "जीता हुआ केस था आपका!"

मी म्हटलं, "महीना भर रुकिए. रोते हुए आएगा. तब सब मेरे हाथ में होगा."

"और बीच में जो बूढ़ा आदमी है? उसका सोचा आपने?"

मी ओढणी सावरली आणि परतीची रिक्षा बघायला निघाले.

दादा सामान घेऊन आला त्या दिवशी मी माझं घेऊन निघाले. कॅम्प-१ मध्ये बाजाराच्या मागे एक खोली घेतली होती. कारखान्यात चार्ज देताना माणूस सगळं सांगून जातो, कुठली मोटर तापते, कुठला ब्रेकर अडतो. मी काही म्हणजे काही सांगितलं नाही. गोळी केळ्यात दाबून दिली तरच पोटात जाते, चहा गरम असला की कप फेकतात, मेन स्विचवर पेटी बसवून कुलूप लावायला पाहिजे, यातलं एक अक्षर मी काढलं नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दादा म्हणाला, "काई सांगायचं हाये काय?" मी म्हटलं, "तुह्याजवळ कागद हाये न."

पहिल्या रविवारी गेले तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते आणि भिंतीवर चहाचे ओघळ होते. वहिनी दोन दिवस राहून रायपूरला निघून गेली होती, ती परत आलीच नाही. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी त्याने दोनदा उसासा टाकला, आणि मी मनातल्या मनात त्याच्या रडण्याची जागा नक्की केली, ओट्याजवळ, उभ्याउभ्या.

पण तो रडला नाही. महिना गेला, पावसाळा गेला. चहाचे ओघळ पुसले गेले. मेन स्विचला त्याने पेटी बसवली आणि बाबांसाठी भिंतीवर एक खोटा स्विचबोर्ड लावून दिला, कशालाच न जोडलेला. बाबा त्याची बटणं दाबून समाधानाने परत येऊन बसायचे. इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. दादा त्यांची दाढी करायचा, त्यांना उचलून अंगणात नेऊन बसवायचा, जे मला कधी झेपलं नव्हतं. बाबा त्याच्या हातून निमूट जेवायचे. मी दर रविवारी चूक शोधायला जायची, आणि नखं, चादर, औषधांचा डबा सगळं तपासून रिकाम्या हाताने परत यायची. बाबांची चांगली काळजी घेतली जात होती, आणि मला त्याचा अतोनात मत्सर वाटायचा.

हिवाळ्यात बाबा बाथरूमजवळ पडले. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर ते पलंगावरून उठले नाहीत. आता पडून राहणारं माणूस कसं सांभाळायचं हे मला चांगलं माहीत होतं, कारण आईच्या शेवटच्या दिवसांत मी ते केलं होतं, आणि दादा तेव्हा बदलीवर बस्तरमध्ये होता. सारखी कूस बदलावी लागते. पाठ कोरडी ठेवावी लागते. चादरीला एक सुरकुती चालत नाही. दादा बाबांना सकाळी उताणं निजवायचा, अंगावर नीट पांघरूण घालायचा आणि हलवलं तर त्यांना दुखेल म्हणून तसंच राहू द्यायचा. मी ते पाहिलं. एका रविवारी पाहिलं, पुढच्या रविवारीही पाहिलं. काही बोलले नाही. त्याने विचारलं नाही.

मग एक रविवार असा आला की मी चादर बघायला म्हणून बाबांना खांद्याशी धरून जरा कुशीवर केलं, आणि कमरेच्या खाली, माकडहाडावर, सोललेली लाल जागा दिसली. कडेने काळपट. मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. माझ्या बापाच्या अंगावर जखम बघून मला, सापडला, असं झालं. मी एका हाताने बाबांना धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने फोनवर फोटो काढला.

दादा वरणाची वाटी घेऊन दारात उभा होता. त्याने जखम पाहिली, फोन पाहिला. वाटी तिथेच जमिनीवर ठेवली.

"हे काय झालं? कालच तं पुसून काढलं अंग," तो म्हणाला. "मले दिसलं कसं नाई?"

"पाठ पाहिली काय कधी? उतानं ठेवून राहिला न त्यांले दिवसभर. कूस बदलावी लागते."

तो माझ्याकडे वळला. "तुले माहीत होतं?"

"हाव."

"मंग सांगतलं कावून नाई?"

"तू विचारलं नाईस."

हे उत्तर मी कित्येक आठवडे तयार ठेवलं होतं. म्हणताना ते माझ्या कानाला वेगळंच ऐकू आलं. फोन अजून हातात होता. तो फोटो वकीलबाईंना पाठवला असता तर दादाचं पालकपण गेलं असतं, बाबा आणि घर माझ्याकडे आले असते, मला जे जे हवं होतं ते सगळं. फक्त बाईंनी एक प्रश्न विचारला असता. दर रविवारी तुम्ही जात होतात, न्यायालयाच्या आदेशात तसं लिहिलंय, मग तुम्ही काय बघत होतात?

दादा पलंगाशी गुडघ्यावर बसला होता. म्हणाला, "पाठव ज्याले पाठवायचं त्याले. पन आधी सांग, यांले धरू कसं."

त्याला मी तेव्हा माफ केलं नाही, आताही केलेलं नाही. नवरा सोडून आलेली हे वाक्य अजून माझ्या पोटात आहे. पण बाबा कण्हत होते. मी फोन खिडकीत ठेवला. "काखेत हात नको घालू. खांद्याले धर. दुसरा हात कमरेले. आता आपल्याकडं ओढ, हळू." त्याने ओढलं, मी पाठीमागे उशी सारली. बाबांचं तोंड माझ्या बाजूला वळलं. त्यांनी माझ्याकडे खालून वर नीट बघितलं, परक्या बाईकडे बघावं तसं, अदबीने.

"तुमाले येते हे, बाई," ते म्हणाले. "मंग रोज कावून नाई येत?"

दादा खाली मान घालून चादर ताणत होता. मी कपाट उघडलं. आईच्या वेळी वापरायचो ते जखमेचं मलम नवं आणून वरच्या खणात मीच ठेवलं होतं, घर सोडण्याच्या आदल्या दिवशी, बाबा कधी अंथरुणाला खिळले तर लागेल म्हणून, पण दादाला न सांगता. ते तिथेच होतं, न उघडलेलं.